‘ऑफन’ म्हणजे किती वेळा?

* मूळ इंग्रजी मजकुरात इथे ‘ऑफन’ आहे. (त्यातला ‘ट’ उच्चारणारेही चूक नाहीत.) ‘पुष्कळदा’ हा अर्थ खरा, पण किती झाले की पुष्कळ, हे ज्याची गोष्ट चालली आहे त्यावर ठरते. शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या नृसिंहवाडीत दक्षिणद्वार सोहळा ‘ऑफन’ होतो म्हटले, तर ते दर महिन्याला नव्हे. पावसाळ्यात कृष्णा चढून दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते. एखाद्या वर्षी हे दोन-तीनदा घडते, एखादे साल कोरडेच जाते. म्हणून ‘नेहमी’ घातले नाही. ‘वारंवार’ही टाळले, त्यात तक्रारीचा सूर येतो, आणि इथे तर भाविक त्या पाण्यात स्नानाला धावतात. २००५ किंवा २०१९च्या महापुराला मात्र कुणी सोहळा म्हणणार नाही. ‘सहसा’ नकारातच शोभते : ‘दिवाळीनंतर कृष्णा सहसा चढत नाही.’ वाक्यात ‘ऑफन’ बहुतेक वेळा मुख्य क्रियापदाच्या आधी बसते, ‘इज’, ‘वॉज’ असल्यास त्यांच्यानंतर. — संपा.