वायफाय बंद केलं तरी ब्राउझरमधली मॅच चालू कशी राहते?

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर दाराबाहेर गेले की पुढच्या दहा सेकंदांत निम्म्या स्क्रीनवर क्रिकेट सुरू व्हायचं. काडीसारख्या हातापायांचे खेळाडू, समोरून येणारा बॉल आणि कीबोर्डवरची डावी-उजवी बाणाची बटणं. बरोबर, स्टिक क्रिकेट. इन्स्टॉल काही करायचं नाही, सीडी शोधायची नाही. साइट उघडायची, लोडिंगची पट्टी भरेपर्यंत थांबायचं आणि ठोकायला सुरुवात.

त्या काळात सायबर कॅफेचे तासाचे पैसे असेच संपायचे. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या मिनिक्लिपवर पूल, फुटबॉल, बाइक रेस असं सगळं एका ठिकाणी मिळायचं. २००८ मध्ये बेनेट फॉडी यांचा क्वॉप आला. त्यात धावपटूच्या मांड्या क्यू आणि डब्ल्यूने हलवायच्या, पोटऱ्या ओ आणि पीने. शंभर मीटर धावायचे होते, पण बहुतेक लोक दोन मीटरमध्येच तोंडावर पडायचे.

त्या काळातल्या बऱ्याच लिंक आज उघडल्या तर रिकामा चौकोन दिसतो. दुसरीकडे मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पेनल्टी शूटआउट, कॅरम, बास्केटबॉल आरामात चालतात, तेही काही डाउनलोड न करता. जुने गेम गेले का आणि नवे चालतात कसे, हे समजून घ्यायचं तर सुरुवात एका साध्या प्रयोगाने करता येईल.

गेम नक्की चालतो कुठे?

ब्राउझरमध्ये एकट्याने खेळायचा एखादा गेम पूर्ण लोड होऊ द्या आणि मग वायफाय बंद करा. बहुतेक वेळा गेम चालूच राहतो. जाहिराती येणार नाहीत, स्कोअरबोर्ड अपडेट होणार नाही, पण बॅटिंग थांबणार नाही.

व्हिडिओ स्ट्रीमिंगमध्ये चित्र सतत तिकडून येत असतं, म्हणून नेट गेलं की गोल फिरणारं चक्र दिसतं. ब्राउझर गेमचं तसं नसतं. सर्व्हर तुम्हाला मॅच पाठवत नाही, मॅच तयार करायची कृती पाठवतो. कोड, खेळाडूंची चित्रं, प्रेक्षकांचा आवाज अशा फाइल एकदा उतरतात आणि पुढचा सगळा हिशेब तुमच्याच प्रोसेसरवर होतो. ब्राउझर गेमच्या बऱ्याचशा चांगल्या-वाईट गोष्टी इथूनच निघतात. स्लो नेटवर तो चालतो ते यामुळेच, आणि त्यात चीटिंग सोपी असते तीही यामुळेच.

एक बॉल पडतो तेव्हा

स्क्रीनवर बॉल पुढे सरकताना दिसतो, पण खरं तर दर वेळी नवीन चित्र काढलं जातं. साधारण मोबाइल स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलते, म्हणजे एका चित्रासाठी मिळतात जेमतेम १६.७ मिलिसेकंद. एवढ्या वेळात गेमला तीन कामं उरकायची असतात. तुम्ही बटण दाबलं का ते पाहायचं, बॉल-बॅट-फिल्डर यांच्या नव्या जागा काढायच्या आणि चित्र रंगवायचं. एखादं काम लांबलं की तुम्ही म्हणता, गेम अडकतोय.

हे चक्र फिरवत ठेवायला ब्राउझरने 'रिक्वेस्ट अॅनिमेशन फ्रेम' नावाची सोय दिलेली आहे. ती स्क्रीनच्या वेगाशी जुळवून घेते आणि टॅब झाकला गेला की थांबते. ऑफिसात बॉस मागे आल्यावर टॅब बदलला आणि परत आल्यावर मॅच तिथेच थांबलेली दिसली, ती याच सोयीची कृपा. तिचा एक तोटाही आहे. दर चित्राला बॉल इतका सरकव, असं सरळ लिहून टाकलं तर १२० हर्ट्झच्या महागड्या फोनवर तोच बॉल दुप्पट वेगाने येतो! म्हणून नीट लिहिलेला गेम चित्रं मोजत नाही, मागच्या चित्रापासून किती वेळ गेला ते मोजतो.

आता खरी गंमत. ताशी १४० किलोमीटर वेगाचा बॉल सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. त्याला ६० ने भागलं तर दोन चित्रांच्या मध्ये बॉल साधारण ६५ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. क्रिकेटच्या नियमानुसार बॅटची जाडी जास्तीत जास्त ६७ मिलिमीटर. म्हणजे एका चित्रात बॉल बॅटच्या पुढे आहे आणि पुढच्या चित्रात थेट स्टंपजवळ. दोन्ही वेळा गेमने 'बॉल बॅटला लागला का?' असं विचारलं तर उत्तर 'नाही' येणार. बॉल बॅटमधून आरपार! या गडबडीला प्रोग्रॅमर टनेलिंग म्हणतात.

यावर दोन उपाय आहेत. पहिला गणिताचा. बॉल आत्ता कुठे आहे एवढंच न पाहता, आधीच्या जागेपासून नव्या जागेपर्यंत रेषा ओढायची आणि ती बॅटला छेदते का ते तपासायचं. एरिन कॅटो यांचं बॉक्सटूडी हे फिजिक्स इंजिन अशी कामं करतं आणि ब्राउझरमध्ये चालतील अशा त्याच्या आवृत्त्या आहेत.

दुसरा उपाय सोपा आहे आणि बाणाच्या बटणांवर चालणाऱ्या गेमसाठी तो पुरतो. धडक तपासायचीच नाही, फक्त वेळ पाहायची. बॉल बॅटपाशी पोहोचण्याचा क्षण गेमला आधीच ठाऊक असतो. तुम्ही बटण त्या क्षणाच्या किती जवळ दाबलं त्यावर सिक्स, एज की बोल्ड हे ठरतं. १४० च्या वेगाने २२ यार्ड पार करायला सुमारे अर्धा सेकंद लागतो, म्हणजे एकूण ३१ चित्रं. 'टायमिंग चुकलं' ही कॉमेंटेटरची तक्रार इथे शब्दशः खरी असते.

बॉल लांबून जवळ येतोय हा भासही स्वस्तातला असतो. चित्राचा आकार वाढवत न्यायचा आणि जमिनीवर सावली ठेवायची. सावली काढून टाकली तर बॉल शॉर्ट आहे की फुल, हे ओळखताच येणार नाही.

फ्लॅशचा आऊट

जुन्या गेममध्ये हे सगळं फ्लॅश करायचं. १९९६ मध्ये फ्युचरस्प्लॅश नावाने आलेलं हे सॉफ्टवेअर मॅक्रोमीडियाने घेतलं आणि पुढे २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच अडोबीने विकत घेतली. फ्लॅशमध्ये चित्रं ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणिताने साठवता यायची, त्यामुळे अख्खा गेम छोट्या फाइलमध्ये मावायचा. डायलअपच्या जमान्यात ही मोठी गोष्ट होती.

अडचण अशी की फ्लॅश ब्राउझरचा भाग नव्हतं. ते बाहेरून लावलेलं प्लगइन होतं आणि त्याची चावी एकाच कंपनीकडे होती. २००७ मध्ये आलेल्या आयफोनवर ते चाललंच नाही. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून बॅटरी, सुरक्षितता, टचस्क्रीन अशी कारणं मोजून दाखवली. अॅपलला स्वतःचं अॅप स्टोअर जपायचं होतं हे उघड आहे, पण सुरक्षिततेचा मुद्दा खोटा नव्हता. जुलै २०१५ मध्ये हॅकिंग टीम या इटालियन कंपनीचा डेटा फुटला, त्यात फ्लॅशमधल्या तोवर कुणालाच माहीत नसलेल्या पळवाटा सापडल्या आणि फायरफॉक्सने फ्लॅश काही काळ ब्लॉक केलं.

जुलै २०१७ मध्ये अडोबीने शेवटची तारीख जाहीर केली. ३१ डिसेंबर २०२० ला सपोर्ट संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने फाइल चालवायलाच नकार दिला. ज्यांनी ते गेम बनवले त्यांच्या हातात काही नव्हतं आणि खेळणाऱ्यांच्या तर नव्हतंच.

मग जागा कुणी घेतली?

एका सॉफ्टवेअरने नाही, ब्राउझरमध्येच हळूहळू भरत गेलेल्या अनेक गोष्टींनी. कॅनव्हास म्हणजे कोडने चित्र काढायची पाटी, ती अॅपलने २००४ मध्ये आणली आणि पुढे एचटीएमएल ५ मधून सगळीकडे पोहोचली. २०११ मध्ये वेबजीएल आलं, त्यामुळे ग्राफिक्स चिपला थेट कामाला लावता आलं आणि थ्रीडी स्टेडियम दिसू लागली. २०१७ पर्यंत चारही मोठ्या ब्राउझरमध्ये वेबअसेम्ब्ली आलं. सी प्लस प्लससारख्या भाषेत लिहिलेला जड गेम त्यातून ब्राउझरमध्ये जवळपास मूळ वेगाने चालतो. यातलं काहीही एका कंपनीच्या मालकीचं नाही, नियम सगळ्यांसाठी खुले आहेत.

या बदलाचं आपल्याला सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे गुगलचं क्रिकेट डूडल. १ जून २०१७ ला चॅम्पियन्स ट्रॉफी सुरू झाली त्या दिवशी ते आलं. रातकिडे बॅटिंग करतात आणि गोगलगायी फिल्डिंग. इंग्रजीत रातकिड्यालाही क्रिकेटच म्हणतात, त्यावरचा हा विनोद. गोगलगाय फिल्डिंगला असल्यावर रन निघणारच. स्लो मोबाइल नेटवर्कवरही चटकन उघडावं म्हणून आपली तोवरची सगळ्यात लहान फाइल त्यासाठी बनवल्याचं गुगलने सांगितलं होतं. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी चॅम्पियन आयलंड हा मोठा डूडल गेम आला. त्यात लकी नावाची मांजर सात खेळ खेळते आणि मधले अॅनिमेशन जपानच्या स्टुडिओ फोर डिग्री सेल्सियसने केलं आहे.

हे गेम सुरू होण्याआधी 'खेळायला टॅप करा' असं दिसतं, त्यालाही कारण आहे. २०१८ पासून क्रोमने वापरणाऱ्याने काही दाबल्याशिवाय आवाज वाजवायला मनाई केली. तो टॅप स्पीकरची परवानगी असते.

समोर खरा माणूस असेल तर?

इथे गणित बिघडतं. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत नसतात आणि मध्ये थांबेही असतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा २०० च्या आसपास जातो. पीचवरचा बॉल अर्ध्या सेकंदाचा! दर चित्रासाठी सर्व्हरला विचारत बसलं तर बॅट्समन खेळणार कधी?

म्हणून बॉलचा प्रवास पाठवायचाच नाही. 'या क्षणी, या वेगाने, या लाइनवर बॉल सुटला' एवढंच पाठवायचं आणि उरलेलं प्रत्येकाच्या ब्राउझरने स्वतः काढायचं. पूलमध्ये तर क्यूची दिशा आणि जोर हे दोन आकडे पुरतात. अट एकच, दोन्हीकडचं गणित शेवटच्या दशांशापर्यंत सारखं यायला हवं. नाहीतर तुमच्याकडे काळी पॉट झालेली असेल आणि समोरच्याकडे कडेला अडकलेली.

फुटबॉलमध्ये अशी सवड मिळत नाही, कारण सगळे एकाच वेळी पळत असतात. हॅक्सबॉल हा गेम यासाठी पाहण्यासारखा आहे. वरून दिसणारं मैदान, गोल ठिपके म्हणजे खेळाडू, एवढाच त्याचा थाट. २०१० मध्ये तो फ्लॅशमध्ये सुरू झाला आणि नंतर एचटीएमएल ५ वर आला. त्यात वेबआरटीसी वापरतात, म्हणजे व्हिडिओ कॉलसाठी बनलेलं तंत्र. जो रूम उघडतो त्याचाच ब्राउझर सर्व्हर होतो. म्हणून तिथले लोक रूम निवडताना आधी पिंग बघतात, आणि होस्टचं नेट पडलं की मॅच सगळ्यांचीच पडते.

चीटिंगचा प्रश्नही इथेच येतो. कोड तुमच्या मशीनवर असल्यामुळे ब्राउझरचे डेव्हलपर टूल्स उघडून स्कोअर बदलणं अवघड नसतं. लीडरबोर्डवर एखाद्याचे ९९,९९,९९९ रन दिसले तर त्याला सचिन समजू नका. शहाणे गेम स्कोअर मागतच नाहीत. तुम्ही कोणत्या क्षणी कोणतं बटण दाबलं याची यादी मागतात आणि सर्व्हरवर तीच मॅच पुन्हा खेळवून बघतात.

एक गोष्ट वेगळी ठेवलेली बरी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे गेम, त्यांच्या जाहिराती आणि त्यांचे आर्थिक व्यवहार यांच्यावर त्यात बंदी आहे. फुकट खेळायचं पेनल्टी शूटआउट त्यात येत नाही. पण फुकट गेमच्या पानावरची जाहिरात तुम्हाला 'डिपॉझिट करा'पर्यंत नेत असेल, तर तो गेम उरलेला नसतो.

जुने गेम परत मिळतील का?

बरेचसे, हो. फ्लॅशपॉइंट या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाने २०१८ पासून एक लाखाहून जास्त वेब गेम आणि अॅनिमेशन साठवले आहेत. रफल हे सॉफ्टवेअर फ्लॅशची नक्कल करतं. ते रस्ट भाषेत लिहिलेलं आहे आणि वेबअसेम्ब्लीतून ब्राउझरमध्येच चालतं, प्लगइन लागत नाही. नोव्हेंबर २०२० पासून इंटरनेट आर्काइव्हवरही त्याच्या मदतीने जुने फ्लॅश गेम खेळता येतात.

काही मात्र अडकले आहेत. चोरी होऊ नये म्हणून अनेक गेममध्ये 'याच साइटवर असशील तर चाल' असं कुलूप घातलेलं होतं. साइट गेली, कुलूप राहिलं. ते काढायला कुणाला तरी फाइल उघडून दुरुस्ती करावी लागते. मल्टिप्लेअर गेमची फाइल मिळाली तरी पलीकडचा सर्व्हर बंद असतो. आणि फ्लॅशमधून सुटलेल्यांचंही सगळं सुरळीत झालं असं नाही. २०२२ मध्ये मिनिक्लिपने आपल्या साइटवरचे बहुतेक गेम बंद केले, तेव्हा कारण तंत्रज्ञानाचं नव्हतं, कंपनीचं लक्ष मोबाइल अॅपकडे गेलं होतं.

आणि तुमच्या आत्ताच्या गेममधलं करिअर? ते बहुतेकदा ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये असतं. तीन सीझन खेळून जिंकलेला कप असेल आणि गेममध्ये लॉगिन नसेल, तर 'क्लिअर ब्राउझिंग डेटा' दाबण्याआधी 'साइट डेटा'समोरची टिक काढून टाका.