व्हायोलिनची खर्जातील जुळवणी

व्हायोलिनच्या तारा त्यांच्या नेहमीच्या स्वरांपेक्षा खाली उतरवून त्या वाद्याला व्हिओलाच्या पट्टीजवळ आणण्याची पद्धती. पाश्चात्त्य जुळवणीत व्हायोलिनच्या चार तारा खालून वर अनुक्रमे जी, डी, ए व ई या स्वरांत (सेकंदाला सु. १९६, २९४, ४४० व ६५९ कंपने) मिळविलेल्या असतात. व्हिओलाच्या तारा सी, जी, डी व ए या स्वरांत, म्हणजे एका पंचमाने खाली असतात. त्याची सर्वांत खालची तार सु. १३१ कंपनांची असते. विशिष्ट रचनेसाठी तारा बदलून लावण्याची प्रथा पश्चिमेत जुनी असून तिला ‘स्कोर्दातुरा’ म्हणतात. हाइन्रिख बीबर (१६४४–१७०४) याने आपल्या ‘रोझरी’ सोनाटांत तिचा विपुल वापर केला. भारतात मात्र हा प्रश्न निराळ्या कारणाने, गायकाच्या स्वरामुळे, निर्माण झाला.

गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या संगीतशिक्षणातून व्हायोलिन रुजले. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८) यांनी ते कर्नाटक संगीतात आणले. तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (कार. १७९८–१८३२) यांच्या दरबारातील वडिवेलू यांचेही या कार्यात मोठे साहाय्य झाले. भारतीय संगीतात चारही तारा पंचमांतराने न लावता षड्ज-पंचम-षड्ज-पंचम किंवा पंचम-षड्ज-पंचम-षड्ज अशा मिळवितात. पहिल्या रीतीत षड्ज जी स्वरावर धरल्यास खालच्या दोन तारा जागेवर राहतात आणि वरच्या दोन प्रत्येकी एक पूर्ण स्वर उतरतात. यावरून तारा उतरविणे हा येथील व्हायोलिनवादनाचा अपवाद नसून पायाच आहे, हे लक्षात येते.

उत्तर हिंदुस्थानी संगीतात हे वाद्य प्रतिष्ठित करण्यात मराठी व गोमंतकीय कलावंतांचा वाटा मोठा आहे. गजाननराव जोशी (१९११–८७), श्रीधर पार्सेकर, वि. गो. जोग (१९२२–२००४) आणि दा. के. दातार (१९३२–२०१८) ही त्यांतील प्रमुख नावे होत. गजाननराव स्वतः ख्यालगायक होते. दातारांच्या वादनावर द. वि. पलुसकरांच्या गायनाचा संस्कार होता. गळ्यातील आलाप, मींड व गमक तारेवर उतरवू पाहणाऱ्या अशा गायकी अंगाच्या वादनात खर्जाची उणीव ठळकपणे जाणवते. पांढरी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सु. १३१ कंपनांचा असतो. व्हायोलिनची नेहमीच्या जुळवणीतील सर्वांत खालची तार त्याच्या मध्य सप्तकातील पंचमावर येते. त्यामुळे त्याच्या स्वराची नक्कल वादकाला एक सप्तक वर करावी लागते. काळी पाच पट्टीत गाणाऱ्या स्त्रीच्या साथीतही मंद्र धैवताच्या खाली जाता येत नाही. उलट व्हिओलाच्या खालच्या दोन तारा तशाच ठेवून वरच्या दोन एकेक पूर्ण स्वर उतरविल्या, की पांढरी एकच्या षड्ज-पंचमाची जुळवणी आपोआप सिद्ध होते.

तथापि केवळ खुंटी सैल करून व्हायोलिनचा व्हिओला होत नाही. तार तीच ठेवून स्वर एका पंचमाने उतरविल्यास तिचा ताण मूळच्या ४/९, म्हणजे सु. ४४ टक्के उरतो. अशी सैल तार गजाच्या दाबाने चढते, पट्टीवर थडकते आणि तिचा आवाज फुटतो. मूळचा ताण टिकवावयाचा तर दर एकक लांबीमागे सव्वादोन पट वजनाची, धातूची गुंडाळी केलेली जाड तार लागते. ती घोडीच्या व माथ्याजवळच्या खाचांत बसविण्यासाठी खाचा रुंद कराव्या लागतात, आणि असे केलेले वाद्य मूळ तारांसाठी पुन्हा तितकेसे योग्य राहत नाही.

तारेचा प्रश्न सुटला तरी पेटीचा सुटत नाही. व्हायोलिनच्या पेटीतील हवेचे मुख्य अनुनादन सेकंदाला सु. २८० कंपनांच्या आसपास असते. १३१ कंपनांच्या मूलस्वराला पेटीचा आधार मिळत नसल्याने कानाला तो मुख्यत्वे उपस्वरांतून जाणवतो. म्हणून आवाज किरटा व पोकळ भासतो. स्वर पंचमाने उतरविण्यासाठी ३५·५ सेंमी. लांबीची पेटी दीडपट, म्हणजे सु. ५३ सेंमी. हवी. ती हनुवटीखाली धरणे अवघड असल्याने व्हिओलाची पेटी सामान्यतः ३८ ते ४३ सेंमी. ठेवतात. त्याचा किंचित घोगरा, गंभीर ध्वनी ही या तडजोडीचीच देणगी होय. कॅरलिन हचिन्स (१९११–२००९) या अमेरिकन वाद्यनिर्मातीने आठ वाद्यांच्या संचात पूर्ण मापाचे वाद्य घडविले; ते सेलोप्रमाणे उभे धरून वाजविता येते.

भारतीय वादक जमिनीवर बसून वाद्याचे टोक पावलावर टेकवितो. त्यामुळे डावा हात वाद्य पेलण्याच्या कामातून मोकळा होतो व लांब मींड शक्य होते. मोठ्या पेटीची अडचणही या बैठकीत कमी होते. एम्. बालमुरलीकृष्ण (१९३०–२०१६) यांनी कर्नाटक संगीतात व्हिओला वाजविला. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांतही गोमंतकीय वादकांमुळे व्हिओलाला स्थान मिळाले. परंतु हिंदुस्थानी मैफलीत त्याचा प्रसार मर्यादित राहिला. येथे वादकांनी व्हायोलिनच दोन-तीन स्वर खाली लावून तारसप्तकाचा तेजस्वीपणा व खर्जाचा भरीवपणा यांत मध्यम मार्ग काढला. त्याहून खाली जाऊ इच्छिणाऱ्यास वाद्यच बदलावे लागते.