पावसाआधीची द्राक्षं

मी नाशिककडच्या, द्राक्षांच्या पिंपळगाव बसवंतचा. त्यामुळे दिल्लीच्या द्राक्षांचं कौतुक मी जरा हात आखडता घेऊनच करतो. चौदाव्या शतकात दिल्लीहून दौलताबादेला गेलेला इब्न बतूताही लिहून गेलाय, की तिकडे द्राक्षं वर्षातून दोनदा येतात.

आमच्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी. दिल्लीच्या थंडीत मात्र तो पानं टाकून गपगार पडतो. जानेवारीत एकच छाटणी होते आणि ऊन तापलं की डोळे फुटतात. ती पहिली फूट खोडामुळांतल्या साठ्यावर जगते. तिथला स्टार्च विरघळून साखर वर येते. पानं थोराड झाली की साखरेचा प्रवास उलटा सुरू होतो. पण जूनच्या शेवटी पाऊस गाठतो आणि भरलेले मणी तडकतात. म्हणून दिल्लीत सारी घाई साखरेची.

बिहारच्या भूकंपानंतर, 1936 साली, तिथल्या पुसाची कृषी संशोधन संस्था दिल्लीत आली. पुढे उत्तरेत ‘पर्लेट’ हे वाण रुजलं. कॅलिफोर्नियात डेव्हिसला हॅरॉल्ड ओल्मोंनी काढलेलं, 1946 सालचं, लवकर पिकणारं. त्याच्या जोडीला गर्डलिंग आलं. ते आम्हाला नवं नव्हतं. वडील दुहेरी पात्याची सुरी खोडाभोवती फिरवायचे आणि पाचेक मिलिमीटर रुंदीचं सालीचं कडं अलगद सोलून काढायचे. पातं लाकडात घुसलं तर संपलंच, कारण पाणी लाकडातून चढतं. साखर मात्र आतल्या सालीतून उतरते. तिची वाट अडली की ती वरच, घडांत राहते. मणी धरताना कडं काढलं तर मणी फुगतात, मण्यात पाणी उतरताना काढलं तर गोडी लवकर भरते.

कड्याच्या वरची साल सुजते हे इटलीच्या माल्पिगीनं सतराव्या शतकातच पाहिलं होतं. सालीतल्या चाळणीसारख्या नळ्या 1837 साली हार्टिगला दिसल्या. त्यांतून साखर पुढे कोण ढकलतं, हे 1930 मध्ये म्युंखनं मांडलं. पानाजवळच्या नळ्यांत साखर भरली की त्या पाणी ओढून घेतात, दाब वाढतो. घडाशी किंवा मुळाशी साखर काढून घेतली जाते, तिथे दाब उतरतो. एवढ्यावर सगळा गाडा चालतो.

काही आठवड्यांत जखम भरते. तोवर मुळं उपाशी. म्हणून ‘दुबळ्या वेलीला सुरी लावायची नाही’ हा वडिलांचा नियम.

उत्तरेतल्या बागा पुढे घटत गेल्या. मला विचाराल तर पावसाइतकाच आमच्या लोकांचाही त्यात हात असणार, कारण दिल्लीचा घड तयार होईपर्यंत आझादपूर मंडीत नाशिक-सांगलीच्या पेट्यांनी उन्हाळा गाजवलेला असतो. पुसानं तरी हार मानली नाही, ‘उर्वशी’ आणि ‘नवरंग’ काढले. नवरंगचा गरही लालभडक असतो. तो पेटीत भरून मंडीला धाडण्यापेक्षा रस काढून बाटलीत बरा, आणि तो काढलाही त्यासाठीच.