मूळतापी ते कतारगाम : एका नदीचा भाषिक प्रवास

सुरत शहरातील कतारगाम तापीच्या डाव्या तीरावर वसले आहे. येथून समुद्र फार दूर नाही. पण येथवर येणाऱ्या पाण्याने मराठी मुलुखाचा मोठा पट्टा ओलांडलेला असतो.

तापीचा उगम मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे होतो. 'मूळतापी' हेच या गावाचे जुने नाव. नदीची एकूण लांबी ७२४ किलोमीटर. सातपुडा उत्तरेस आणि अजिंठा-सातमाळा दक्षिणेस ठेवून ती पश्चिमेकडे वाहते. बऱ्हाणपूर मागे टाकून ती खानदेशात शिरते. चांगदेव येथे वऱ्हाडातून आलेली पूर्णा तिला मिळते. पुढे वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्या दक्षिणेकडून येतात. प्रकाशे ओलांडून ती गुजरातेत उकाईच्या जलाशयात विसावते आणि काकरापार, कतारगाम करीत अरबी समुद्राला मिळते.

पाण्याबरोबर बोलीही बदलत जाते. पूर्णाकाठी वऱ्हाडी, जळगावच्या पूर्वेस लेवा गणबोली, त्यापुढे अहिराणी, नंतर भिल्ली बोली आणि अखेरीस सुरती गुजराती. मराठीत आपण 'रामाचे घर' म्हणतो. अहिराणीत ते 'रामनं घर' होते आणि गुजरातीत 'रामनुं घर'. प्रत्ययाचा हा धागा कोणत्या नाक्यावर तोडावा? ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या सातव्या खंडात न ठेवता नवव्या खंडात भिल्ली बोलींशेजारी बसविले, यावरूनच हा प्रश्न किती नाजूक आहे ते कळते.

राज्यकर्त्यांना मात्र रेषा हवी असते. १ मे १९६० रोजी ती आखली गेली, तेव्हा तत्कालीन पश्चिम खानदेशातील अनेक गावे गुजरातेकडे गेली. आजचे निझर आणि उच्छल हे तालुके त्याच पट्ट्यातले. पुढे १९७२ मध्ये उकाई धरण पूर्ण झाले आणि नदीकाठची कित्येक गावे पाण्याखाली गेली. गाव उठले की बोलीचे शेजारही मोडते. विस्थापित कुटुंबे पांगली, तसे त्यांचे शब्दही पांगले.

तरीही नदीची वाट माणसांनी सोडली नाही. तापी खोऱ्यातील लोहमार्गाने खानदेशी कुटुंबे सुरतेस आली आणि उधना, लिंबायत परिसरात स्थिरावली. महानगरपालिकेच्या मराठी शाळा त्यांच्याच मुलांसाठी उभ्या राहिल्या.

सीमेपलीकडील मराठी बांधवांनो, आम्ही नकाशा उलटा करा असे म्हणत नाही. घरातील अहिराणीला 'अशुद्ध मराठी' म्हणू नका, तिला 'बिघडलेली गुजराती'ही म्हणू देऊ नका आणि मुलांची मराठी शाळा पटाअभावी बंद पडू देऊ नका, एवढेच आमचे मागणे आहे. खानदेशातून गेलेले पाणी कतारगामच्या काठाशी परके ठरत नाही. मग त्याच वाटेने आलेली भाषा परकी का ठरावी?