दुर्मीळ, पण कुठे?

आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं शब्दापाशी अडतो. आज 'दुर्मीळ' या शब्दापाशी थांबू.

अ‍ॅक्सोलॉटल हा मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या पाण्यातला उभयचर. १८६४ साली ३४ अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला आले. त्यातले सहा ऑग्युस्त द्युमेरील यांच्याकडे गेले आणि तिथे त्यांची वीण वाढली. आज हौशी माणसांच्या काचपेट्यांत तो भरपूर आहे. मूळ कालव्यांत मात्र क्वचितच सापडतो.

दुसरा, इराणच्या झाग्रोस डोंगरातला कैसरचा न्यूट. श्मिट यांनी १९५२ साली शास्त्रात त्याची नोंद केली. काळा, पांढरा, नारिंगी. मोजक्या ओढ्यांत राहणारा. इंटरनेटवरून मागणी वाढली तशी पकडापकडीही वाढली. अखेर २०१० साली दोहाच्या परिषदेत इराणच्या प्रस्तावावरून तो साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेला, म्हणजे रानातून पकडलेल्या न्यूटचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद.

आता 'बाजारात मिळत नाही हो' अशी कुणी तक्रार केली, तर आपण काय म्हणायचं? एवढंच विचारू या, की ओढ्यात तरी आहे ना? बाजारातली टंचाई आपली हौस अडवते. ओढ्यातली टंचाई मात्र त्या जिवाचा वंशच संपवते.