गावकी आणि काडीमोड (रायगड किनारा)

गावकी म्हणजे गावातल्या कर्त्या पुरुषांची परंपरागत बैठक. उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनारी तालुक्यांत देवाची पालखी, सामाईक जागेचा वाद आणि नवरा-बायकोचे भांडण, सारेच तिच्यापुढे येत आले. कोळीवाड्यांत हे काम जमातीचे पंच पाहत.

मारहाणीची तक्रार आली की पंच नवऱ्याला समज देत, दंड करत आणि बाईला परत नांदायला धाडत. अगदीच जमेना तेव्हा काडीमोड. पंचांसमोर गवताची काडी मोडली की सोयरीक तुटली. बाई पाट लावायला, म्हणजे दुसरे लग्न करायला, मोकळी. वरच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींतल्या स्त्रीला बंद असलेली ही वाट कष्टकरी स्त्रीला रूढीने दिली, हे मान्य करायलाच हवे. पण काडी कधी मोडायची हे ठरायचे पुरुषांच्या बैठकीत. मासळी विकून घर चालवणारी बाईही तिथे कडेला उभी.

शंभू रघू खटल्यात १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने विवाह रद्द ठरवण्याचा जातीचा अधिकार नाकारला. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने मात्र रूढीने चालत आलेला घटस्फोट कलम २९(२)नुसार शाबूत ठेवला. ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. ते जमले नाही तर स्टॅम्पपेपरवरच्या काडीमोडीवर विसंबून दुसरा संसार मांडलेल्या बाईचे ते लग्नच बेकायदा ठरते.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ला लागू झाला. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून मारहाणीला मनाई, खर्चाची रक्कम आणि राहत्या घराचा हक्क मागता येतो. सासरी एकत्र नांदलेले घर सासऱ्याच्या नावावर असले तरी तो मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केले.

तरी पाऊल अडते ते वाळीत पडण्याच्या धाकाने. वाळीत टाकलेल्या घराशी कुणी बोलत नाही, लग्नाचे आमंत्रण येत नाही, मयताला खांदा मिळत नाही. रायगडातून अशा तक्रारी वारंवार पुढे आल्या. महाराष्ट्राने २०१६मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध केलेला कायदा जुलै २०१७पासून अमलात आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पोलिसांत गेली म्हणून गावकीने एखादीच्या माहेरच्यांना वाळीत टाकले, तर गुन्हा बहिष्कार टाकणाऱ्यांवर दाखल होतो आणि तसा ठराव करायला बैठकीत बसलेलेही त्यात सापडतात.