पत्रे, कादंबरी आणि आत्मकथन

समाजातील स्त्रीचे दुःख साहित्यात प्रथम कोण मांडतो, पुरुष की ती स्वतः, या प्रश्नाच्या उत्तरात त्या समाजाच्या प्रबोधनाचा बराचसा इतिहास सामावलेला असतो. इंडोनेशिया आणि महाराष्ट्र येथील मुस्लिम समाजांनी या प्रश्नाला दोन निराळी उत्तरे दिली आहेत.

जावा बेटावरील जेपारा येथे एका सरदार घराण्यात १८७९ साली कार्तिनीचा जन्म झाला. बाराव्या वर्षाच्या सुमारास तिची शाळा सुटली आणि रिवाजानुसार ती वाड्यात कोंडली गेली. मात्र शाळेत शिकलेली डच भाषा तिच्यापाशी उरली होती. त्या भाषेतून तिने डच स्नेह्यांना पत्रे लिहिली, आणि मुलींचे शिक्षण व बहुपत्नीकत्व यांविषयी निर्भयपणे विचार मांडले. नियतीचा खेळ असा, की १९०३ साली तिचा विवाह झाला तो आधीच सपत्नीक असलेल्या एका अधिकाऱ्याशी. १९०४ साली, पुत्रजन्मानंतर चारच दिवसांनी, पंचविसाव्या वर्षी ती निवर्तली. तिची पत्रे १९११ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यानंतर १९२२ साली मारह रुस्ली यांनी ‘सिती नुर्बाया’ या कादंबरीत पित्याच्या कर्जापायी लादलेल्या विवाहाची कहाणी सांगितली. म्हणजे तेथे स्त्रीचा स्वर आधी उमटला आणि पुरुषांची कादंबरी मागाहून आली.

महाराष्ट्रात हा क्रम उलटा झाला. चिपळूणजवळच्या मिरजोळी गावी १९३२ साली जन्मलेले हमीद दलवाई हे मूळचे कथाकार होत. कोकणातील मुस्लिम जीवन त्यांनी मराठीत आणले. ‘इंधन’ ही त्यांची कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली. परंतु केवळ चित्रणाने त्यांचे समाधान होईना. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत त्यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा निघाला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीकत्व बंद व्हावे, ही त्यांची मागणी होती. संख्या लहान होती. पण स्वतःच्या हक्कासाठी भररस्त्यात येणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. १९७७ साली दलवाई अकाली निधन पावले.

त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा यांनी ते कार्य पुढे चालविले आणि ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन लिहिले. चळवळीचा इतिहास सभा, ठराव आणि मोर्चे यांची नोंद ठेवतो. सुधारकाच्या घरची चूल कोणी पेटती ठेवली आणि समाजाचा रोष उंबऱ्याच्या आत कोणी सोसला, हे सांगावयास अशा आत्मकथनाचीच गरज असते. शेजारच्या कन्नड भाषेत हासनच्या बानू मुश्ताक यांनी हेच अंतर्जीवन कथांतून मांडले. २०२५ साली त्या कथांच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरविला. मेहरुन्निसा त्याच वर्षीच्या जूनमध्ये निवर्तल्या होत्या. एकावन्न वर्षांपूर्वीच्या मागणीचा हा निकाल ऐकण्यास त्या राहिल्या नाहीत. मोर्च्यातील सात स्त्रिया इतिहासात बहुधा संख्या म्हणूनच येतात. मेहरुन्निसांनी लेखणी हाती घेतली, म्हणून त्या काळातील एका स्त्रीचे मन तरी मराठी वाचकाला तिच्याच शब्दांत कळू शकले.